उलबोसिन आपाचे चौदा दिवस

"तेल कुणी ओतलं?" उलबोसिननं विचारलं.

आरोग्यकेंद्राच्या खुर्चीवर झानिल मान वाकवून बसली होती. पंचविशीची सून, हंगामात मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीतली. तिच्या उजव्या कानामागे, केसांच्या मुळाशी, तुरीच्या दाण्याएवढी गोचीड तोंड खुपसून बसली होती आणि मानेवरून सूर्यफुलाचं तेल कॉलरीत ओघळत होतं. दाराशी उभी असलेली तिची सासू डोक्यावरचा रुमाल उगाच नीट करू लागली.

"म्हणजे तुम्हीच," उलबोसिन म्हणाली. "तेल ओतलं की गोचीड गुदमरते, आणि गुदमरली की पोटातलं सगळं पोरीच्या रक्तात ओकते. हे मी गेल्या वसंतात सांगितलं, त्याच्या आधीच्या वसंतात सांगितलं. कान आहेत की नुसती कर्णफुलं अडकवायला ठेवलेत?"

सासूनं निमूट ऐकून घेतलं. गावात उलबोसिनचं बोलणं सगळेच ऐकून घेत. जीभ कोयत्यासारखी, पण हात पिसासारखा, असं लोक म्हणत. बोलता बोलताच तिनं हातमोजे चढवले, तेल पुसून काढलं, बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवला आणि गोचिडीला तोंडापाशी धरलं. पोटाला धक्का नाही, हिसका नाही. सरळ वर, संथ ओढीनं, कापडात रुतलेली सुई काढावी तशी तिनं ती काढली. पाय हलवणारी ती गोचीड काचेच्या बाटलीत गेली, बाटलीला झाकण लागलं, झाकणावर नाव आणि तारीख. मग साबण, मग आयोडीन.

"झालं?" झानिलनं विचारलं.

"माझं झालं. तुझे आता चौदा दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ मी येणार, काखेत थर्मामीटर लावणार. पारा सदतिसाच्या वर गेला की इस्पितळाची गाडी बोलवायची. आणि उद्यापासून केस बांधून, रुमाल बांधून कातरणीला बस."

सिर दर्या नदीच्या काठी, भातखाचरं आणि वेताच्या बनांमधल्या त्या गावात उलबोसिन सव्वीस वर्षं आरोग्यकेंद्र सांभाळत होती. चौथी मुलगी म्हणून बापानं तिचं नाव ठेवलं होतं उलबोसिन, म्हणजे 'आता मुलगा होऊ दे'. तिच्या पाठीवरही मुलगीच झाली. उलबोसिन नोकरीला लागली त्याच वर्षी शेजारच्या गावात एकाच आठवड्यात तीन माणसं गोचिडीच्या रक्ती तापानं गेली होती. हिरड्यांतून, नाकातून, सुई टोचल्या जागेतून रक्त येऊन गेली. त्यांतल्या एकीचा हात तिनं धरला होता. तिच्या जिभेला धार आली ती तेव्हापासून.

तिच्या जिभेला गावात एकच माणूस हसत असे, तिचा नवरा झुमागाली.

झुमागाली हा जन्मभर पाटकरी. कालव्याची दारं उघडायची, बंद करायची, कुणाच्या भाताला किती पाणी ते बघायचं. निवृत्त झाल्यावर चाळीस मेंढ्या, एक गाय आणि मोइनाक नावाचा कुत्रा एवढाच त्याचा पसारा उरला होता. बोलणं कमी. संध्याकाळी अंगणातल्या लाकडी माच्यावर बसायचं, कुत्र्याचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि बोटांनी त्याच्या केसांत गोचिडी शोधायच्या, ही त्याची करमणूक. सापडली की उपटायची आणि दोन अंगठ्यांच्या नखांत धरून फोडायची. टच्. लग्न झाल्यापासून उलबोसिन तो आवाज ऐकत आली होती.

"अहो, त्यातलं रक्त नखात जातं. नखाशेजारी एवढीशी चीर असली तरी पुरते," ती म्हणायची.

"डॉक्टरीणबाई, माझ्या बापानं जन्मभर नखानंच मारल्या. ब्याऐंशीव्या वर्षी गेला, तोही घोड्यावरून पडून."

तिनं हातमोज्यांचं पाकीट, एक चिमटा आणि झाकणाची बाटली आणून मेंढवाड्यातल्या खिळ्याला पिशवीत टांगून ठेवली. तरी टच् चालूच. शेवटी दोन वर्षांपूर्वी एकदा शेजाऱ्यांसमोर ती त्याच्यावर अशी काही तोंड सोडून बसली की तो उठून मेंढ्यांत निघून गेला. ती म्हणाली होती, गावाला शिकवून मी म्हातारी झाले आणि माझ्याच घरात हे जनावर राहतंय. त्या दिवसापासून आवाज बंद झाला. आवाज बंद झाला म्हणजे सवय मोडली, असं तिनं धरलं.

झानिलच्या आठवड्यात कातरणीचा हंगाम ऐन भरात होता. उलबोसिनच्या वहीत एका वेळी नऊ नावं होती. नऊ घरं, दिवसातून दोनदा. उजाडता उजाडता ती निघायची, दुपारी केंद्रात बसायची, दिवेलागणीला परतायची. कुणाच्या घरी ताप आहे का, कुणाचं डोकं दुखतं का, कुणाच्या डोळ्यांत लाली आहे का, हे सगळं ती वहीत लिहायची. घरी आल्यावर पाय धुऊन चहा प्यायची आणि आडवी व्हायची.

त्या दिवसांत झुमागाली बाहेर माच्यावर झोपू लागला. आत उकडतं म्हणाला. जेवायला बसला की पाव कडक आहे म्हणून चहावरच भागवायचा. उलबोसिनला वाटलं, गाय विकायला मी नाही म्हटलं त्याचा रुसवा असावा. रुसवा आपणहून जाईल म्हणून तिनं विचारलं नाही.

एकदा सकाळी ती बुटाची नाडी बांधत असताना त्यानं विचारलं, तुझी ती झानिल कशी आहे. ठणठणीत, ती म्हणाली.

"ताप यायचा असला तर कधी येतो? लगेच?"

"चार-पाच दिवसांनी. कधी उशिरानंही. का?"

"सहज," झुमागाली म्हणाला.

ती वही घेऊन निघाली. फाटक लावताना तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. पुढं हीच सकाळ तिला पुन्हा पुन्हा दिसणार होती. नाडी, वही, फाटक.

गुरुवारी दुपारी केंद्रात थर्मामीटर तिच्या हातून पडून फुटला. दुसरा घरी कपाटात होता म्हणून ती भर उन्हात घरी आली. अंगणात झुमागाली गायीच्या कुंडीवर वाकून शर्ट धूत होता. तिची चाहूल लागताच त्यानं ओला शर्ट पाठीमागं धरला. कुंडीतलं पाणी लालसर झालं होतं. त्याच्या नाकाखाली रक्ताची रेघ होती, ओली.

"घोळणा फुटला," तो म्हणाला. "उन्हानं."

तो बोलला तेव्हा त्याच्या दातांच्या मुळांशी रक्त दिसलं. गालांवर आणि गळ्यावर लाली होती. डोळे सशासारखे. पन्नास पावलांवरून, दुसऱ्या कुणाच्या अंगणात, तिनं हा चेहरा एका नजरेत ओळखला असता.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

त्यानं चार बोटं दाखवली.

ती घरात गेली. कपाट उघडलं. तिच्या औषधाच्या डब्यात अ‍ॅस्पिरिनचं पाकीट रिकामं होतं. अंग दुखतं म्हणून तो चार दिवस त्या गोळ्या खात होता, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ज्या या तापात चुकूनही देऊ नका असं तिनं गावातल्या प्रत्येक घरी सांगितलं होतं. तिनं गाडीला फोन केला. आवाज तिचाच होता, पण दुसरंच कुणीतरी बोलतंय असं तिला वाटलं. मग ती मेंढवाड्यात गेली. खिळ्यावरची पिशवी तशीच होती, दोन वर्षांची धूळ बसलेली, आणि आतलं हातमोज्यांचं पाकीट सीलबंद. ते तिनं तिथंच फोडलं. दोन्ही हातांत मोजे चढवले, तोंडाला पट्टी बांधली आणि मगच नवऱ्याजवळ गेली.

एकतीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला मोजे घालून कधी हात लावला नव्हता. झुमागालीनं तिच्या हातांकडं पाहिलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

तिनं त्याला माच्यावर निजवलं, नाकाशी कापूस धरला, काखेत थर्मामीटर लावला. पारा एकोणचाळीसच्या पुढं होता. मोइनाक माच्याखाली येऊन बसला.

"सांगितलं का नाही?"

"तू ओरडली असतीस."

तिनं त्याच्या नाकाशी नवा कापूस धरला. तो हसायचा प्रयत्न करत होता, लहान मुलानं काच फोडल्यावर हसावं तसा.

"आणि लोक म्हणाले असते, बघा, हिच्याच घरात," तो म्हणाला. "म्हटलं, साधा ताप असेल. उतरेल."

गाडी यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ती एकदाही ओरडली नाही.

जिल्ह्याच्या इस्पितळात त्याला आतल्या वॉर्डात नेलं. पांढऱ्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली चार माणसं आली आणि स्ट्रेचर घेऊन दाराआड गेली. तिला बाहेरच थांबवलं. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन तिची माहिती लिहून घ्यायला बसला. रोगी कुठल्या गावचा, गुरं किती, गोचीड चावली की हातानं चिरडली, कधी. कधी ते तिला सांगता येईना. नऊ घरांची तारीखवार माहिती तिला तोंडपाठ होती.

"तुमच्या गावातल्या आरोग्यसेविकेला विचारतो. नाव काय त्यांचं?"

"मीच," उलबोसिन म्हणाली.

डॉक्टरचं पेन थांबलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग पुन्हा कागदाकडं. तिला गावी परत पाठवलं, कारण आता तिचेही चौदा दिवस सुरू झाले होते. घराबाहेर पडायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही, सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा.

शनिवारी सकाळी ती माच्यावर बसून काखेत थर्मामीटर लावून होती तेव्हा फोन वाजला. पलीकडून इस्पितळातल्या बाईंचा आवाज होता, हळू आणि सरावाचा. झुमागाली पहाटे गेला होता. उलबोसिन बरं म्हणाली. फोन ठेवला. घड्याळात अजून तीन मिनिटं बाकी होती, ती तिनं पुरी केली. थर्मामीटर काढला, उजेडात धरून पाहिला आणि वहीत लिहिलं, छत्तीस पूर्णांक चार. तारीख घातली. मग गाय हंबरली म्हणून उठली आणि तिला पाणी दाखवलं. कुंडी तिनं चुन्यानं घासून धुतली होती, तरी बराच वेळ ती त्या पाण्याकडं बघत उभी राहिली. आपण रडत नाही याचंच तिला नवल वाटत होतं. माणूस गेल्याची खबर फाटकापर्यंत यावी, पण घरात अजून कुणाला कळू नये, तसं काहीतरी.

मुलगी मोल्दिर अल्माटीहून विमानानं आणि मग टॅक्सीनं थेट कबरस्तानात पोचली. उलबोसिनला इस्पितळाच्या गाडीतून आणलं होतं आणि चाळीस पावलांवर उभं केलं होतं. पेटी बंद होती. कफन नाही, आंघोळ नाही. मेलेल्या माणसाला गावातली चार जाणती माणसं कोमट पाण्यानं न्हाऊ घालतात, एकेक अवयव तीनदा धुतात, एवढा मान भिकाऱ्यालाही मिळतो. झुमागालीला मिळाला नाही. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी पेटी दोरांनी खाली सोडली आणि वरून चुना ओतला. मुल्लानं लांबूनच नमाज पढली आणि आंघोळीवाचून गेलेल्यालाही अल्ला जवळ करतो असं सांगितलं. गावची माणसं टोप्या काढाव्या की ठेवाव्या अशा अवस्थेत उभी होती. कबरीत मूठभर माती टाकायला कुणाला पुढं जाऊ देत नव्हते.

पेटी खाली सोडण्याआधी मोल्दिर आईसमोर येऊन, दहा पावलं अंतर ठेवून उभी राहिली होती.

"आई, एकदाच उघडायला सांग. तुझं ऐकतील ते. नुसता चेहरा बघते, हात नाही लावत."

"नाही."

"तू म्हणतेस नाही?"

"मीच म्हणते," उलबोसिन म्हणाली. तो नियम ती इतरांच्या घरी वाचून दाखवत आली होती. दुसऱ्यांसाठी एक आणि आपल्यासाठी एक असं तिला करता आलं नसतं. मोल्दिरनं आईकडं असं पाहिलं की ती नजर नंतर कितीतरी दिवस उलबोसिनच्या अंगाला चिकटून राहिली. मुलगी त्याच टॅक्सीनं मावशीच्या घरी गेली. आईच्या अंगणात यायची तिला परवानगी नव्हती, आणि त्या दिवशी तशी इच्छाही नसावी.

मग एकटेपणाचे दिवस आले. मेंढवाड्यात फवारणी झाली. सातव्या दिवशी घालतात ते मयताचं जेवण झालं नाही. लोक फाटकाशी पाव, दूध, उकडलेलं मांस ठेवून जात, हाक मारत आणि ती बाहेर येईपर्यंत लांब जाऊन उभे राहत. कुणी वाईट बोललं नाही. ते बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

ताप मोजायला शेजारच्या गावची गौहर येई, नोकरीला लागून वर्षही न झालेली पोरगी. फाटकाबाहेर उभी राहून ती आकडा विचारून घ्यायची, ताप नाही ना, काही त्रास नाही ना, असं घाईनं म्हणायची आणि पळायची. पाचव्या दिवशी उलबोसिननं तिला थांबवलं.

"ताप नाही ना, असं विचारायचं नाही गं. त्याला माणूस नाहीच म्हणतं. जेवलात का विचार. झोप कुठं काढली विचार, आत की बाहेर. पाव खाल्ला की नुसता चहा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नकोस."

गौहरनं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. उलबोसिननं तोंड फिरवलं.

नवव्या दिवशी दोन शेजारी फाटकाशी आले. एकाच्या खांद्याला बंदूक होती. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, आपा, कुत्र्याचं काय करायचं, पोरंबाळं भितात. सांगाल तर आम्ही लांब नेऊन उरकतो.

"त्यानं काय केलं?" ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत थांबा. मी त्याला साफ करते. वर औषध घालते. मग तुमच्या पोरांना सांगा, गावात सगळ्यांत स्वच्छ कुत्रा हाच."

ते गेले. उन्हं कलल्यावर ती मोजे घालून, चिमटा आणि बाटली घेऊन माच्यावर बसली. मोइनाकला हाक मारायची गरज पडली नाही. तो आपणहून आला, डोकं तिच्या मांडीवर टाकलं आणि कान वर करून दिला, डावा कान, आतली बाजू बाहेर. रोजचं गिऱ्हाईक न्हाव्यापुढं बसतं तसा.

उलबोसिनचा चिमटा हवेतच राहिला. हा कुत्रा गेली दोन वर्षं रोज या वेळी असाच येत होता. ती नऊ घरांच्या फेऱ्यांत असताना. आवाज बंद झाला नव्हता. तिनं तो फक्त आपल्या कानांआड घालवला होता.

तिनं सतरा गोचिडी काढल्या. कानातून, मानेच्या वळीतून, पायांच्या बोटांमधून. एकेक केस बाजूला सारून, कातडीशी धरून, सरळ वर. एकही फुटली नाही. शेवटची बाटलीत टाकली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले गाल ओले आहेत आणि मोजे घातलेल्या हातांनी ते पुसता येत नाहीत.

पंधराव्या दिवशी तिनं केंद्र उघडलं. जिल्ह्यातून म्हणाले होते, महिनाभर रजा घ्या. ती नाही म्हणाली, हंगाम चालू होता. सकाळभर कुणी फिरकलं नाही. मग झानिल येऊन गेली, तिचे दिवस सुखरूप पार पडले होते. ती थोडा वेळ बाकावर बसली आणि निघून गेली.

दुपारी खिडकीतून उलबोसिनला ओरिनबाय दिसला. अठ्ठ्याहत्तरीचा म्हातारा, सहा उंटांचा मालक, गावातल्या सगळ्यांत हट्टी डोक्याचा. तो रस्त्यापलीकडं उभा होता, दोन्ही हात खिशात. दारापर्यंत यायचा आणि परत फिरायचा. तिसऱ्यांदा तो फिरला तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"या, ओरिनबाय अगा."

तो आत आला. खुर्चीवर बसला. हात खिशातून काढले आणि उताणे गुडघ्यांवर ठेवले. उजव्या अंगठ्याच्या नखाभोवती तपकिरी रक्त सुकलं होतं.

"उंटिणीच्या कासेला होती," तो म्हणाला. "हात आपोआप गेला. सत्तर वर्षांचा हात, ऐकत नाही. मग झुमागाली आठवला." तो थोडा थांबला. "ओरडणार असशील तर आधी ओरडून घे, पोरी."

"कधी फोडली?"

"आज सकाळी. दूध काढताना."

"बरं केलंत, आलात," उलबोसिन म्हणाली.

म्हातारा दुसऱ्याच कशाला तरी तयार होऊन आला होता.

तिनं वहीत त्याचं नाव लिहिलं, तारीख घातली. नखाशेजारी चीर आहे का ते भिंगातून पाहिलं. मोजे चढवले, शेगडीवरचं पाणी गार पाण्यात मिसळून कोमट केलं, घमेलं त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि खुर्ची ओढून समोर बसली. त्याचा उजवा हात तिनं आपल्या हातात घेतला. साबण लावला. अंगठा धुतला, मग नखाखालचा भाग, मग एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, तळवा, मनगट. पाणी ओतून दिलं. दुसरं पाणी घेतलं आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. ओरिनबायनं विचारलं, एवढं लागतं का. तिनं पुढचं बोट धरलं. तो मग खिडकीबाहेर बघत बसला, आणि आपले हात त्यानं तिच्याकडं राहू दिले.

तिसरं पाणी झाल्यावर तिनं कोरा पंचा उलगडला आणि एकेक बोट वेगळं धरून कोरडं केलं.